तक्रार कोणाविरुद्ध

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

भावजयीचं पत्र आलं म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार, नाहीतर वाटणीचं काहीतरी निघालं असणार, असं तुला वाटेल. तसं काही नाही. सगळे धडधाकट आहेत, तुझा दादासुद्धा. मी भांडायला लिहिते आहे.

परवा दुपारी आम्ही सगळ्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत डबे उघडून बसलो होतो. आमच्यात चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी नुकतीच लागली आहे, तिला सगळ्या 'नवी' म्हणतात. तिने फोनवरचा एक लेख मोठ्याने वाचून दाखवला. बाळंतपणाच्या खोलीत बायकांना सिस्टर कशा मारतात, काय काय बोलतात, असा. ब्लॉगचं नाव 'तोंडाळ'. तिसऱ्या ओळीत वाक्य आलं, 'मी विचारत नाही, सांगते आहे', आणि माझा घास तोंडातच राहिला. लग्न होऊन आले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि सासूबाईंना हेच ऐकवायचीस.

बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, या बयेला एक दिवस आमच्या लेबर रूममध्ये उभी करा, मग लिहू दे. ती बया माझी नणंद आहे हे मी सांगितलं नाही.

मग मी दोन सुट्ट्या घालवून तुझं मागचं सगळं वाचून काढलं. गर्भ पडला म्हणून तुरुंगात गेलेली बाई, नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलेली, दुसऱ्यांची मुलं सांभाळताना स्वतःची मुलं चार वर्षं न पाहिलेली. चांगलं लिहितेस. वाचताना राग येतो, आणि यावा असंच लिहिलेलं आहे. पण आमच्याबद्दल जे लिहिलंस ते उंटावरून शेळ्या हाकणं आहे. आमच्याकडे सहा टेबलं आहेत. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी अकरा बायका कळा देत होत्या. तीन टेबलांवर दोघीदोघी आणि दोघी खाली गादीवर. सिस्टर किती? मी आणि नवी. मोठे डॉक्टर शेवटी येतात, टाके घालायला आणि विद्यार्थ्यांना दाखवायला. हे का नाही लिहिलंस? एका बाईचे हाल सांगायला दुसरीला राक्षसीण करायलाच हवी का?

त्या मंगळवारी एका पोरीला जरा जास्तच झालं. एकोणीस वर्षांची होती. ते जाऊ दे.

उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी माझा फोन तुझा दादा बघतो. संशयाने नव्हे, सवयीने.

तुझी वहिनी


२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझ्या पत्रातली निम्मी वाक्यं मला लागली आणि ती लागायलाच हवी होती. सहा टेबलं आणि अकरा बायका हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण उरलेल्या निम्म्याला उत्तर देते.

त्या लेखासाठी मी नऊ बायकांशी बोलले. पाच वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या. एक बँकेत साहेब आहे, एक मासळी साफ करते, एक शाळेत शिकवते. कोणी कोणाला ओळखत नाही. त्यांतल्या सात जणींना कळा देताना एकच वाक्य ऐकवलं गेलं होतं: 'तेव्हा बरं वाटलं, मग आता कशाला ओरडतेस?' वहिनी, पाच भाषांत तेच वाक्य. कोणत्या शाळेत शिकवतात हे? टेबलं कमी आहेत म्हणून हात उगारला जाईल, एक वेळ समजू शकते. पण हे वाक्य टेबलं कमी पडल्यामुळे येत नाही. ते आधीपासून मनात असतं.

आणि हे छापल्यावर मला काय आलं ते ऐक. 'आमच्या आजीने शेतात बाळंत होऊन पुन्हा कामाला सुरुवात केली होती.' 'मुलं नकोत तर लग्न कशाला करता?' एकाने माझ्या इमारतीच्या दाराचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. मी तो पोलिसांकडे नेला. तिथला माणूस म्हणाला, मग लिहिता कशाला? या माणसांना बाईच्या दुखण्यापेक्षा तिच्या ओरडण्याचाच त्रास जास्त होतो.

तू एका ओळीत 'ते जाऊ दे' लिहिलंस. मी जाऊ देणार नाही. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला काय झालं?

तुझी धाकटी


११ मार्च

प्रिय धाकटे,

पंधरा दिवस तुझं पत्र माझ्या कपाटात होतं. आता लिहिते. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नकोस.

ती मुलगी धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. पहिलं बाळंतपण. सोबत आई होती, तिला दाराबाहेर बसवलं, कारण आमच्याकडे नातेवाइकाला आत येऊ देत नाहीत. सकाळी सातला आली. अकरापासून ओरडायला लागली. शेजारच्या टेबलावरची बाई तिचं बघून घाबरली, ती बघून तिसरी. सगळी खोली एका सुरात. दुपारी बाळ अडलं, तिने पाय मिटून घेतले. मिटले की बाळ गुदमरतं. तेव्हा सिस्टरने तिला कानाखाली मारली. तिने पाय सोडले, बाळ झालं. मुलगी आहे, चांगली आहे.

मग मोठे डॉक्टर आले, मागे सहा विद्यार्थी. भूल न देता टाके घातले. ती ओरडली तेव्हा विद्यार्थ्यांकडे बघून म्हणाले, 'बघा, आवाज अजून शाबूत आहे.' ते सहाही हसले. तिला कोणी विचारलं नाही की हे सहा जण इथे उभे राहिले तर चालेल का. अंगावर चादरही ओढली नाही.

तिच्या कानाचा पडदा फाटला होता. पुढे पू झाला. आता त्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही. कागदावर लिहिलंय, 'प्रसूती सुरळीत'. तिची आई दर दोन-तीन दिवसांनी वॉर्डच्या दाराशी येऊन उभी राहते आणि जो दिसेल त्याला विचारते, माझ्या पोरीला कोणी मारलं? सगळे मान खाली घालून निघून जातात. मीही.

हवं तर लिही. पण दवाखाना ओळखू येता कामा नये.

वहिनी


२ एप्रिल

प्रिय वहिनी,

लिहिलं. चार दिवसांत आजवरच्या कुठल्याही लेखापेक्षा जास्त वाचलं गेलं. खाली चारशेवर बायकांनी स्वतःचं लिहिलं आहे. एक आजी आहे, एक्काहत्तर वर्षांची. तिने लिहिलंय की पन्नास वर्षांपूर्वी मला मारलं होतं आणि हे मी पहिल्यांदा सांगते आहे. मी वाचत बसते आणि दात करकरा चावते.

दवाखान्याचं नाव मी लिहिलं नाही. पण 'प्रसूती सुरळीत' हे शब्द लिहिले आणि सहा टेबलं लिहिली. तुमच्या गावातल्या कोणीतरी त्यावरून ओळखलं. दोन पत्रकारांचे फोन आले. खरं सांगू, मला वाईट वाटलं नाही. किती दिवस झाकायचं?

आता त्या सिस्टरचं नाव पाहिजे. तू तिला पाठीशी घालते आहेस हे मला कळतंय. बरोबरीची असेल, डबा वाटून खात असाल. पण वहिनी, अशा बायका पुरुषांपेक्षा वाईट. त्यांना माहीत असतं कळ म्हणजे काय. मी लेखात तिच्या हाताला पंजा म्हटलं आहे आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. ती अजून त्याच खोलीत उभी आहे. उद्या आणखी कोणाला मारेल. तू फक्त नाव सांग. बाकीचं मी बघते.

तुझी धाकटी


९ एप्रिल

धाकटे,

चौकशी समिती बसली आहे. मारलं कोणी याची नव्हे, बाहेर सांगितलं कोणी याची. नवीने तुझा लेख वाचून दाखवला होता हे सगळ्यांना आठवलं. तिला वॉर्डमधून काढून सामानाच्या कोठीत बसवलंय. ती तिथे बँडेजचे गठ्ठे मोजते आणि रडते. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुला नाव हवंय ना, घे. मी मारली.

तो पंजा माझा. सव्वादोन वाजले होते. सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता, हे मी सबब म्हणून सांगत नाही, घडलं तसं सांगते आहे. बाळ गुदमरेल म्हणून मारली असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खरं आहे आणि पूर्ण खरं नाही. मला तिचा राग आला होता. ती मला 'आई, आई' म्हणत होती, माझा हात सोडत नव्हती, आणि पलीकडे आणखी दहा जणी होत्या.

आणि ते वाक्य. तुझं पाच भाषांतलं. तेही मी म्हटलं. त्याच दिवशी, तिलाच. तू विचारलंस कोणत्या शाळेत शिकवतात. मी टेबलावर शिकले. तुझ्या भाच्याच्या वेळी मला हेच म्हणाले होते आणि मांडीवर वळ उठेपर्यंत मारलं होतं. मी तेव्हा नोकरीत होते, मारणारी माझ्या ओळखीची होती. तिसऱ्या दिवशी तिनेच मला पेढे मागितले आणि मी दिले. पुढे सीनियर सिस्टरने शिकवलं की प्रेमाने सांगून कोणी जोर लावत नाही. सतरा वर्षं मी तेच करते आहे. किती जणींना, ते मी मोजलेलं नाही.

आता लिही काय लिहायचं ते.


३० मे

प्रिय वहिनी,

सात आठवडे लागले. तीन पत्रं लिहून फाडली. एकात तुला वाटेल ते बोलले होते. दुसऱ्यात माफ केलं होतं. ते वाचून माझीच मला लाज वाटली. मार त्या मुलीने खाल्ला आणि माफी मी वाटते आहे. तिसरं कशाबद्दल होतं तेही आता आठवत नाही.

मी अजून रागावलेली आहे, आणि हा राग नेमका कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. तू मला खोटं सांगितलंस. 'सिस्टरने मारली' असं लिहिलंस, जशी काही तू भिंतीला टेकून बघत होतीस. आणि मी ते तसंच उचलून छापलं.

पण मलाही काही सांगायचं आहे. भाच्याच्या वेळी मी दाराबाहेर बाकावर बसले होते. पंधरा वर्षांची होते. मला ऐकू आलं होतं. तुझा आवाज, आणि मारल्याचाही. आई शेजारी बसून वाती वळाव्यात तशी पदराचं टोक वळत होती, म्हणाली, असंच असतं. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, काही त्रास झाला नाही. जगातल्या सगळ्या बायकांना विचारत फिरले आणि तुला सतरा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

दुसरं. नवीने मला एप्रिलच्या सुरुवातीला ब्लॉगवर पत्र पाठवलं होतं. माझ्यावर संशय आहे, काय करू, असं. मी मुलाखती देण्यात गुंतले होते. ते उघडून बाजूला ठेवलं. मला 'पंजा' हा शब्द सापडला तेव्हा आनंद झाला होता, वहिनी. कोणाच्या तरी फाटलेल्या कानावर मी चांगलं वाक्य शोधत होते.

तुझं नाव मी छापणार नाही. भावजय आहेस म्हणून नव्हे. ते सांगायचं तुझं काम आहे, म्हणून. पण एक पोरगी तुझ्या जागी कोठीत बसली आहे आणि दुसरीला कोणी सांगत नाही की तिला कोणी मारलं. मी विचारत नाही, सांगते आहे. जा.

धाकटी


१८ जुलै

प्रिय धाकटे,

यापुढे घरच्या पत्त्यावर लिही. दवाखान्यात मी आता नाही. तुझ्या दादाला सांगितलंय की पत्र फोडायचं नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी समितीपुढे गेले. तीन डॉक्टर आणि आमच्या मेट्रन. मी सांगितलं की लेखातली माहिती मी दिली, नवीने नाही, आणि मारलंही मीच. पहिली गोष्ट त्यांनी लगेच लिहून घेतली. दुसरी सांगितली तेव्हा अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, बाई, ते लिहून घ्यायची गरज नाही, तो या समितीचा विषय नाही. मी म्हटलं, मग कोणत्या समितीचा? मेट्रन म्हणाल्या, तुम्ही भावनेच्या भरात आहात, घरी जा, विचार करा. सतरा वर्षं मी भावनेच्या भरात मारत होते तेव्हा कोणी घरी जा म्हटलं नाही.

मी तिथेच बसून जबाब लिहिला. टेबलं, भूल, सहा विद्यार्थी, मोठ्या डॉक्टरांचं वाक्य, माझं वाक्य, सगळं. तो घेतला नाही तेव्हा टपालात टाकला, पोचपावतीसह. चार दिवसांनी मला निलंबित केलं. कारण लिहिलंय, 'संस्थेची बदनामी'. मारल्याबद्दल एक अक्षर नाही. नवी परत वॉर्डात आली. माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबर आहे.

तुझा दादा दोन दिवस नुसता कामावर जाऊन येत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, सगळ्याच मारतात, तर तूच कशाला पुढे झालीस? मी त्याला म्हटलं, आपला मुलगा झाला तेव्हा मला मारलं होतं. तो म्हणाला, तू कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस. तो उठून बाहेर गेला आणि तासाभराने परत येऊन भांडी घासायला लागला. मी अडवलं नाही.

मग त्या मुलीकडे गेले. धुलाईच्या दुकानामागे एक खोली आहे. ती इस्त्री करत होती, बाळ टोपलीत होतं. मी दारात उभी राहून बोलले, तर तिला ऐकू गेलं नाही. तिने मान वळवून दुसरा कान पुढे केला. मी सांगितलं, मी कोण ते. तिने इस्त्री उभी केली. आई आतून आली. मला वाटलं म्हातारी झिंज्या उपटेल. उपटल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खाली बसली.

मुलगी म्हणाली, "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं म्हणून मारलं असेल."

मी म्हटलं, तुझं काही चुकलं नव्हतं. ती म्हणाली, ते आता कळतंय, आधी कोणी सांगितलं नाही. मग विचारलं, "तुम्ही माफी मागायला आलात का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, मला माफ करायचं नाहीये. मला तक्रार करायची आहे. मला लिहिता येत नाही. तुम्हाला येतं.

तर मी तिथे जमिनीवर बसून माझ्याविरुद्ध तक्रार लिहिली. ती इस्त्री करता करता सांगत होती. 'तक्रार कोणाविरुद्ध' तिथे मी माझं पूर्ण नाव लिहिलं. ती म्हणाली, डॉक्टरांचंही लिहा. लिहिलं. हसणाऱ्या सहा जणांचंही लिहा. मी म्हटलं, त्यांची नावं मला माहीत नाहीत. म्हणाली, मग 'सहा जण' लिहा, त्यांना माहीत आहे ते कोण.

लिहून झाल्यावर तिने आईला शेजारच्या शिंपिणीला बोलवायला पाठवलं. मी बरोबर लिहिलंय की नाही ते तिच्याकडून वाचून घेतलं. माझ्यावर कशाला विश्वास ठेवायचा? शिंपिणीने वाचलं, 'कानाखाली मारली', तेव्हा ती म्हणाली, थांबा. दोनदा मारली. पाय सोडायच्या आधी एकदा, आणि बाळ झाल्यावर एकदा.

धाकटे, तुला मी एकच सांगितली होती. समितीलाही एकच. मला स्वतःलासुद्धा एकच आठवत होती, असं मी शपथेवर सांगितलं असतं. तिने सांगितल्यावर आठवलं. बाळ बाहेर आलं होतं, रडलंही होतं, आणि मग मी पुन्हा मारली. मी खोडून 'दोनदा' लिहिलं. तिने खोडलेल्या जागी अंगठा उमटवला.

काल बाळाला घेऊन आम्ही तिघी ती तक्रार द्यायला गेलो, आरोग्य खात्याच्या कार्यालयात. खिडकीतला माणूस कागद उलटासुलटा करून बघत राहिला. म्हणाला, अर्जदाराला लिहिता येत नाही, मग हे अक्षर कोणाचं? ज्याने लिहून दिलं त्याचं नाव लागेल. मी तोंड उघडणार होते. तिने मला मागे सारलं.

"जिने मारलं तिचं आहे," ती म्हणाली. "आता शिक्का मारा."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे, आणि शिक्का मारला. पुढे काय होईल माहीत नाही. मोठे डॉक्टर आजही त्याच खोलीत आहेत. मला त्या मुलीच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. पोच तिने घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि मला सांगितलं, आता तुम्ही जा.

तुला हे लिहायला तिची परवानगी आहे. मी विचारलं. म्हणाली, लिहू दे, पण त्यात मला बिचारी म्हणायचं नाही.

तुझी वहिनी